अंतरपाट आणि जुनी लेन्स

नारायण पेठेतल्या भाग्यश्रीताईंचा जन्म लग्नांचे फोटो काढण्यात गेला. गेल्या वर्षी उजवं मनगट मोडलं, त्यातच जुना कॅमेरा बंद पडला, म्हणून त्यांनी त्याच कंपनीचा नवा, हलका कॅमेरा घेतला. लेन्स बसवायचं तोंड कंपनीनं बदललंय हे त्यांना ठाऊक होतं. पण कमी उजेडात चालणारी आपली लहानशी लेन्स नव्या तोंडाची लगेच निघेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

"निघेल की," दुकानदार गोपाळकृष्ण म्हणाले. "आधी थोराड लेन्स काढतात. नव्या तोंडाची करामत त्यांत दिसते, नावाजलेले लोक त्या बघूनच कॅमेरा बदलतात. मग नवशिक्यांसाठी स्वस्तातल्या. तुमची मधली, सगळ्यांत शेवटी."

"म्हणजे कधी?"

"कंपनीच्या यादीत नाव आहे. पत्रिका जुळलीय, मुहूर्त निघाला नाही."

ताईंनी थोराड लेन्स उचलून पाहिली. मनगटातून कळ गेली, तशी लगेच खाली ठेवली.

"मधे हे कडं लावलंत तर तुमची जुनीच बसेल. पण ती फिरवणारी मोटर जुन्या कॅमेऱ्यात होती, कड्यात नाही. फोकस हातानं करावा लागेल."

"हात आहेत की. एक तर अगदी धड आहे."

कार्तिकात ऋतुजाचं लग्न होतं. तिच्या आईच्या लग्नात अंतरपाट सरतानाचा फोटो ताईंनीच काढलेला. लेकीचाही त्यांनीच काढावा, असा आईचा हट्ट. मंगलाष्टकांत फ्लॅश न मारण्याचा ताईंचा नेम. हा फोटो हुकला तर काम सोडायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

तुळशीच्या लग्नात त्यांनी हात चालवून पाहिला. अंतरपाटावरचं कुंकवाचं स्वस्तिक रेखीव आलं, पण अंतरपाट सरल्यावर मागचा बाळकृष्ण मात्र पुसट आला.

"अहो, अंतरपाटासारखं धरा बरं ते उपरणं," घरी येऊन त्यांनी यजमानांना देवघरापुढे उभं केलं.

"देवाचं किती वेळा लग्न लावणार आहेस?" दीनानाथराव म्हणाले.

"जमेपर्यंत."

रोज दिवेलागणीला देवाला हात जोडून त्या कॅमेरा घेऊन उभ्या राहत. फोकस कापडावर नेमका बसला तरी मूर्ती वीतभर मागेच राही. मग कापड सरताच लेन्स न फिरवता त्या स्वतःच वीतभर पुढे झुकू लागल्या. बाळकृष्णाचे डोळे स्वच्छ आले.

सदाशिव पेठेतल्या कार्यालयात ताई नवऱ्यामुलाच्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. समोरच्या स्वस्तिकावर फोकस धरला आणि डाव्या हातानं लेन्स तशीच घट्ट ठेवली. शेवटचं मंगलाष्टक संपलं. गुरुजींनी अंतरपाट ओढला, अक्षता उडाल्या आणि ताई पुढे झुकल्या.

ऋतुजाची आई धावत आली. "आला का हो?"

ताईंनी कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. ऋतुजाची पापणी न् पापणी मोजता येत होती. आईनं पदर डोळ्यांना लावला.

"आता रडू नका," ताई म्हणाल्या. "सप्तपदीला तुमचाही फोटो काढायचाय."