सानगडीचे सात दगड

दोन नोव्हेंबरला आम्ही ख्रिस्ती लोक आपापल्या माणसांच्या कबरी धुतो, फुलं वाहतो, मेणबत्त्या लावतो. माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. यंदा नेमकी त्याच दिवशी मुलीच्या कॉलेजची दगड गोळा करायची सहल निघाली. रूथ बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. ती सहल सोडून माझ्याबरोबर कबरस्तानात आली. मग सरांनी मुदत दिली: एका ओळीतल्या सात जागांचे दगड, टिपणांसकट, सोमवारपर्यंत, नाहीतर प्रॅक्टिकलला बसता येणार नाही. तिला एकटीला टेकडीवर कशी पाठवू? मीही निघाले. मिस्टर गेल्यापासून कामाशिवाय मी भंडाऱ्याबाहेर पडले नव्हते.

शनिवारी सकाळी साडेसहाला साकोलीची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. साकोलीच्या स्टँडवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री झणझणीत होती, पाण्याची बाटली तिथेच अर्धी झाली. पुढे सानगडीला काळीपिवळी मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही पाऊण तास बसलो.

टेकडी गावापासून अर्ध्या तासावर आहे. बूट घाला. मी चपलेवर गेले आणि काटे काढत बसले. दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू होती. रूथच्या हातात बाबांचा हातोडा होता, त्यांच्या पेटीतला. ती पडलेला दगड उचलत नाही. जमिनीत रुतलेल्या खडकाचा तुकडा तोडते, कारण सुटा दगड कुठून आला ते सांगता येत नाही. मग त्यावर नंबर टाकते आणि वहीत लिहिते. मार्कर तिने संडे स्कूलमधून आणला होता. तिथे ती लहान मुलांना शिकवते.

मलाही लिहायची सवय आहे. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून जे हाती पडेल ते वाचते आणि वाटेत दिसेल ते टिपते. माझ्या वहीत दगडांची नावं नाहीत. तिसऱ्या जागेला ‘मोहाच्या झाडाच्या मुळाशी’ असं आहे आणि सहाव्याला ‘बोडीच्या पाळीवर, इथे काटा भरला’. बोडी म्हणजे लहान तळं.

धान कापणाऱ्या एका बाईने विळा थांबवून विचारलं, “काहून ओ बाई, गोटे कायले नेऊन राहिल्या?”

“कॉलेजात दाखवाले,” रूथ म्हणाली.

“कॉलेजात गोटे शिकवतेत? मंग आमचे बुढे तं मोठे मास्तर झाले असते. जिंदगीभर वावरातले गोटेच येचले त्यायनं.”

तिने आम्हाला बांधावर बसवून पाणी पाजलं.

दोन वाजता सातही दगड झाले. गावातल्या हँडपंपाशी रूथ डबा उघडत होती. मला वाटलं, सरांसमोर एवढा चिखल कशाला न्यायचा? पिशवी उलटी केली आणि एकेक दगड पाण्याखाली धरून तळव्याने घासला. तो मार्कर पांढऱ्या फळ्यावरचा, पुसला जाणारा होता. रूथने मागे वळून पाहिलं तेव्हा माझा तळवा काळा झाला होता आणि एकाही दगडावर नंबर नव्हता.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. दगड ओळीत मांडून तिने पाच ओळखले. दोन उरले, दोन्ही करडे, दोन्ही अभ्रकाने चमकणारे. एक तिसरा, एक सहावा.

मी म्हटलं, “टाक कोणतेही नंबर. कोण बघतंय?”

“मग मी सुटेच उचलले असते ना आई, येतानाच.”

चारची गाडी सोडून आम्ही परत चढलो. रूथच्या वहीत दिशा आणि पावलं होती, नेमकी जागा माझ्या वहीत सापडली. मोहाच्या मुळाशी खडकाची ताजी तुटलेली खाच होती. दोन्हींतला एक दगड तिथे बसेना. दुसरा तिने फिरवून लावला आणि तो डब्याला झाकण बसावं तसा बसला. उरलेला पाळीवर नेऊन लावला, तोही बसला. दोघी तिथेच खाली बसलो. मग डबा खाल्ला.

परतीच्या एसटीत ती वहीतल्या नोंदी तपासत होती. लाखनी गेल्यावर विचारलं, “आई, बाबांच्या कबरीवरची फरशी तू कशानं घासतेस?”

“चिंचेनं. पितळी भांड्यांसारखी. चकचकीत होते.”

“ती शहाबादी आहे. चुनखडीचा दगड. आंबटानं झिजतो तो.”

फरशीवरचं नाव दरवर्षी पुसट होत होतं. मी पावसाला दोष देत आले.

सोमवारी सरांनी दगड पाहिले, वही पाहिली आणि सही केली. सानगडीला जाणार असाल तर नोव्हेंबरात जा, चालायला ऊन सोसवतं. कोणाचे दगड मात्र धुऊ नका.

काल कबरस्तानात जाऊन आले. बाटलीभर साधं पाणी ओतलं, फडक्याने टिपलं. डोळ्यांना नीट वाचता येत नाही, पण नाव अजून बोटाला लागतं.