न उचललेली ओळ

माझ्या नवऱ्यावर सिनेमा निघाला म्हटले की लोकांना वाटते, मी आता बंगल्यात राहत असेन. सिनेमा वणीच्या एका पोराने काढला, मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर. जेवण गावाने घातले, कपडे आमच्याच पेट्यांतून निघाले आणि गर्दी म्हणून आम्ही बाया बसलो. पुढच्या बाया लुगडी बदलून मागे बसल्या की झाली दुसऱ्या गावची गर्दी.

नवरा खंजिरीवर भजने गायचा आणि मधे मधे दारू सोडा म्हणून सांगायचा. मुकुटबनपासून घाटंजीपर्यंत त्याला न्यायला आधी बैलगाड्या यायच्या, पुढे जीपा. आवाज काही फार गोड नव्हता. पण ओळ अर्धी म्हणून तो थांबायचा आणि उरलेली लोकांनी उचलायची, ही आमच्याकडची रीत. भजनाला न आलेली बाईसुद्धा चुलीपाशी बसून ओळ उचलायची. भाकर थापताना अजून माझा हात त्याच तालावर पडतो. तो घरात टिकत नव्हता हे खरे, तरी ते दिवस बरे होते.

मग वणीच्या बाजारात तो पिऊन पडलेला सापडला. पुढे पुन्हा सापडला. गावाने भांडण केले नाही. पुढच्या भजनाला सगळे नेहमीसारखे येऊन बसले. त्याने ओळ अर्धी सोडली, ती कोणी उचलली नाही. बायांतून मी एकटीनेच ती म्हटली, माझ्या फाटक्या आवाजात. त्याने माझ्याकडे पाहिले, खंजिरी खाली ठेवली. त्यानंतर तो कधी गायला नाही. मरेपर्यंत दुसऱ्याच्या शेतात राबला.

हा प्रसंग त्या पोराला मीच सांगितला होता. तो पडद्यावर यावा एवढेच मला हवे होते, कारण गावात आता कोणालाच तो प्रसंग आठवत नाही. शेजारीण तर मलाच म्हणाली, "अशे गप कुठं बसलो होतो वं आपण?"

तो प्रसंग घ्यायला बसलो, तर बायांना गप राहताच येईना. नटाने ओळ सोडली की ह्या उचलायच्या. म्हाताऱ्या उचलायच्या, त्यांच्या सुनाही उचलायच्या. पोराने हात जोडले, रागावला, पुन्हा हात जोडले. शेवटी माझ्याकडे आला.

"आजी, ह्या बाया आयकूनच नाही राह्यल्या."

मी म्हटले, "आयकतात म्हणून तर गाऊन राह्यल्या. तोंडं बंद पाह्यजेत, तर खर्रा घेऊन ये."

पानठेल्यावरून तंबाखू-सुपारीचा खर्रा आला. एकेकीने गालात भरला. नटाने ओळ सोडली. थुंकायला जागा नाही आणि गायला तोंड नाही, अशा सगळ्या बसल्या. हुबेहूब तेव्हासारख्या. मला बरे वाटले.

सिनेमा शाळेच्या पटांगणात चादर बांधून दाखवला. नटाच्या अंगात नवऱ्याचा सदरा होता. कॉलर मी उलटवून शिवली होती, ती दिसली. जीपा आल्या, हार आले, बाजारातले पडणे आले. मग ते भजन आले. मी सरसावून बसले. नटाने ओळ अर्धी सोडली.

आणि पटांगणात बसलेल्या अख्ख्या गावाने ती उचलली. चादरीवर ज्यांची तोंडे मिटलेली, त्याच बाया खाली तोंड उघडून गात होत्या. मागे उभे राहिलेले गडीही गात होते. वणीचा पोरगा डोके धरून बसला. गप बसणे कोणाला ऐकूच गेले नाही.

शेजारणीने मला कोपर मारले. "म्हण ना वं. काहून गप बसली?"

मी ओळ म्हटली नाही. तेव्हा एकटी गायले होते, आता एकटी गप बसले. तो असता तर खूश होऊन पुढची ओळ म्हणाला असता. त्याला तेवढे पुरले असते. मला नाही पुरले.