भिंगावरचं हळदकुंकू

नागपूरच्या लॅबवाल्याने टेबलावर फोटो पसरले. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत नुसतं दाट धुकं. आत्याचं लुगडं कळत होतं, खाट कळत होती, चेहरा मात्र एकातही नाही. आणि दोन दिवसांवर तिची तेरवी होती.

आत्या मोहगावची. मोबाईल समोर धरला की पदराआड जायची. "माह्यं तोंड गावभर फिरवता काय?" तिचा विश्वास एकाच कॅमेऱ्यावर, माझ्या वडिलांच्या जुन्या रोलच्या. ते सौंसरला मास्तर असतानाचा. ते गेल्यावर तो पांढुर्ण्याला माझ्याकडे आला. भाऊबीजेला मी आत्याकडे गेलो, तेव्हा तीच म्हणाली, "काढ बाप्पा फोटो. मेल्यावर भिंतीवर लावाले पाह्यजे नं." आम्ही हसलो होतो. भरलेला रोल धुवायचा राहूनच गेला आणि माघात ती खरंच गेली. आतेभाऊ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, फोटो पांढुर्ण्याहून येऊन राहिला.

या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचंच नसतं. वर कोपऱ्यात वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध पिवळसर चौकोनात माणूस दोनदा दिसतो. भिंगाभोवतीचं कडं फिरवून ही दोन चित्रं एकावर एक बसवली की फोकस झाला. मला ते नुकतंच जमायला लागलं होतं आणि त्याचा माज होता. झाकणसुद्धा मी खिडकीला डोळा लावूनच काढायचो. खिडकीत आत्या लख्ख होती, गालावरच्या तिळासकट.

"लेन्सला काही लागलंय का?" लॅबवाल्याने विचारलं. मी पिशवीतून कॅमेरा काढला, झाकण उघडलं. भिंगभर वाळलेलं हळदकुंकू, त्यात तांदळाचा एक दाणा चिकटलेला. दसऱ्याला आमच्याकडे वजनकाटा, शिलाई मशीन, मोटरसायकल, सगळ्यांची पूजा होते. आईने झाकण काढून मनोभावे पूजा केली होती आणि झाकण परत घट्ट बसवलं होतं.

घरी येऊन मी रागाच्या भरात आईला ते भिंग दाखवलं. "झाकणाले काय कुंकू लावू? देव त् आत हाय नं," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "माह्याच हातानं झालं रे." मला तिची समजूत काढावी एवढंही सुचलं नाही. तेरवीला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात आत्या चोरी करताना पकडल्यासारखी दिसते.

आठवड्याने, राग निवल्यावर, मी ते फोटो क्रमाने लावून बघितले. पहिल्या चारांत आत्याचा हात वर आहे. धुक्यातही कळतं, कॅमेऱ्याकडे रोखलेला. मग आठवलं. ती तेव्हा म्हणत होती, "अरे, त्या काचेले काही लागून हाय, पाह्य नं." आणि मी खिडकीतून डोळा न काढता तिच्यावर खेकसलो होतो, "आत्या, बोलू नको! हात खाली ठेव! मले समजते!"

पाचव्या फोटोपासून छत्तिसाव्यापर्यंत तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत.

आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.