पाटीत कांदा नव्हता

चित्रकलेचे शिक्षक श्रीपती मास्तर गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता साताऱ्यात, राहत्या खोलीत वारले. वय एक्कावन्न. कारण हृदयविकार. शेजाऱ्यांनी आमच्या वृत्तपत्राच्या कचेरीत फोन केला. बातमी मीच लिहिली, सात ओळींची. शाळा, नोकरीची वर्षं, मागे एक बहीण... एवढंच तिच्यात मावलं. त्यांच्या एका चित्राबद्दल लिहायचं राहिलं.

मास्तर मूळचे आटपाडीकडचे. आई-वडील गेल्यावर धाकट्या इंदूला त्यांनीच वाढवलं आणि सांगलीत दिलं. स्वतः लग्न केलं नाही. शाळेत ते स्थिरचित्र शिकवत. समोर पितळी तांब्या, निळं फडकं आणि मातीचं रंगवलेलं सफरचंद असे. सफरचंद पंधरा वर्षं तेच होतं. "हे नासत नाही, म्हणून काढायला सोपं," असं ते मुलांना सांगत. १९७३ साली इंदूचं सांगलीत नवं घर झालं, दसऱ्याला वास्तुशांत ठरली, आणि मास्तरांनी खरी भाजी काढायचं ठरवलं. आदल्या वर्षीच्या दुष्काळानंतर पाऊस बरा झाला होता. बाजारात पुन्हा हिरवं दिसू लागलं होतं. भाद्रपद सरत आलेला. त्यांचा जुना मित्र म्हणून बाजारात मी बरोबर होतो. मास्तर भाजीवालीला म्हणाले, "मावशी, सगळं थोडं थोडं द्या." तिनं काही न विचारता पाटी भरली. अळूची पानं, भेंडी, गवार, कारली, काकडी, लाल भोपळ्याची फोड. तीन दिवस मास्तर त्या पाटीसमोर बसले. अळू आधी रंगवलं, कारण ते तासाभरात मान टाकतं. भोपळा शेवटी. त्यांच्या हातून उतरलेलं ते सर्वांत चांगलं चित्र होतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

दसऱ्याला आम्ही दोघे एस.टी.नं सांगलीला गेलो. चित्र धोतरात गुंडाळलेलं होतं. इंदूनं ते सोडलं आणि जेवणघरातल्या भिंतीला टेकवलं. तिच्या सासूबाईंनी, ज्यांना ती आत्याबाई म्हणते, ते बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ह्यो म्हाळ कुनाचा?"

म्हाळ म्हणजे पितृपंधरवड्यात आपल्या गेलेल्या माणसांना वाढायचं पान. मास्तरांच्या लक्षात आलं नाही.

"आवं, अळू, भेंडी, गवार, कारलं, भोपळा... कांदा न्हाई, वांगं न्हाई. सगळी पितराची भाजी हाय ही. नव्या घरात आज ही लावायची व्हय?"

भाजीवालीची चूक नव्हती. त्या पंधरवड्यात 'सगळं थोडं थोडं' मागणारा माणूस म्हाळाचीच भाजी मागत असतो. तिनं तीच दिली.

"दादानं एवढं हौसेनं आणलंय," इंदू म्हणाली.

"मी कुठं टाकून दे म्हनतीय? ह्या भिताडावर नको. न्हाईतर मास्तर, एक कांदा काढा कोपऱ्यात. तुमाला काय, हातातली कला. मग चालंल."

"काढला असता," मास्तर म्हणाले. "पण त्या दिवशी पाटीत कांदा नव्हता."

"मास्तर, तुमी लय हट्टी."

"व्हय," मास्तर म्हणाले, आणि जेवायला बसले.

परतीच्या गाडीत चित्र त्यांच्या मांडीवर होतं. कराड मागे पडलं. मग म्हणाले, "आत्याबाईंचं बरोबर आहे. मी पाटी भरलेली बघितली, ती कुणासाठी भरलीय हे त्यांनी बघितलं." आणि थोड्या वेळानं... "गेल्या साली आईच्या म्हाळाला गावात भाजीचं पान मिळालं नाही. रेशनवर मिळालेल्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी ठेवली होती."

पुढची पाच वर्षं ते चित्र त्याच धोतरात, त्यांच्या कपाटावर होतं. मुख्याध्यापकांनी शाळेच्या सभागृहासाठी मागितलं. वास्तुशांतीला ते पाहिलेल्या सांगलीच्या एका कापडदुकानदारानं दोनदा माणूस पाठवला. दोघांना उत्तर एकच मिळालं, "ते इंदूचं आहे." स्वतःच्या खोलीतही त्यांनी ते लावलं नाही. दर भाऊबीजेला ते सांगलीला जात आणि त्या भिंतीखालीच जेवत. चित्राचा विषय त्यांनी तिथे काढला नाही. आत्याबाईंनीही नाही.

कृष्णेकाठी माहुलीला दहावा झाला त्या दुपारी इंदू आणि आत्याबाई खोली आवरत होत्या. मी पुस्तकं बांधत होतो. इंदूनं कपाटावरून धोतराचं गाठोडं उतरवलं. आत्याबाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी चित्र खिडकीशी नेलं आणि न टेकवता बोट एकेका भाजीवरून फिरवलं.

"भेंडी कवळी हाय," त्या म्हणाल्या. मग, "हे संगं न्यायचं."

"तुमीच नको म्हनला हुता, आत्याबाई."

"तवा नवं घर हुतं. आता त्येला मूल न्हाई, बाळ न्हाई. त्येचा म्हाळ कोन घालनार? आपल्यातच घालायचा."

 इंदूनं धोतराची घडी घातली.

गेल्या रविवारी मी सांगलीला गेलो होतो. चित्र जेवणघरात, दारातून आत जाताना उजव्या हाताच्या, मास्तर जिच्याखाली जेवत त्याच भिंतीवर लावलेलं आहे.