भर दुपारी लावलेला दिवा

यवतमाळहून निघताना कुसुमने माझ्या हातात आपला रुमाल कोंबला. आत फ्लॅशचे तीन बल्ब गुंडाळलेले. "दादा, चेहरा नीट येऊ दे हं. नुसतं मुंडासं नको दाखवूस," एवढं म्हणाली नि लाजून आत पळाली.

कुसुम माझी धाकटी बहीण. तिला आदिलाबादजवळच्या तामसीचं स्थळ सांगून आलं होतं. राज्यांची फेरवाटणी नुकतीच झालेली. निजामाचं राज्य आधीच गेलं होतं, आता हैदराबाद राज्यही मोडलं. आदिलाबाद आंध्रात गेलं नि आम्ही मुंबई राज्यात आलो. "पोर परराज्यात द्यायची?" म्हणून आत्याने घर डोक्यावर घेतलं. शेवटी बाबांनी निकाल दिला, की कुसुमने मुलाचा फोटो बघावा नि काय ते तिनेच सांगावं. म्हणजे सगळी भिस्त माझ्या कॅमेऱ्यावर! मी तर बसमध्ये बसण्याआधीच हवेत होतो.

पैनगंगा ओलांडताना खिडकीतून अर्धा बाहेर लोंबलो. राज्य बदललं म्हणजे काहीतरी दिसेल ना? डोंबलाचं दिसतंय! अलीकडे कापूस नि ज्वारी, पलीकडेही कापूस नि ज्वारी. आदिलाबादच्या स्टँडवर मात्र मजा आली. एकाने मला "एक्कड (कुठे)?" म्हणून विचारलं, दुसरा उर्दूत कचेरीच्या दरखास्तीबद्दल (अर्जाबद्दल) कोणाशी तावातावाने बोलत होता, आणि चहावाला चक्क आपल्या वऱ्हाडीत "बसा जी" म्हणाला. मी तिघांनाही मान डोलावून हसलो नि तामसीच्या बसमध्ये चढलो.

मुलाच्या घरी पोचलो तेव्हा तो शेतात होता. त्याच्या आईने आधी पान वाढलं. ज्वारीची गरम भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी (आदिलाबादच्या बाजारात हिलाच गोंगूरा म्हणतात). जेवण इतकं झकास, की फोटो न बघताच होकार द्यावा असं वाटलं.

ऐन दुपारी मुलगा आला. रामकिसन. उंच, सावळा, डोक्यावर भलंमोठं मुंडासं. त्याच्या आईचा हट्ट, फोटो अंगणातल्या कापसाच्या ढिगापुढेच निघाला पाहिजे. मुलीच्या घरच्यांना कळू दे, घर कसं आहे ते. आता माथ्यावर ऊन, मागे पांढराशुभ्र ढीग नि मुंडाशाखाली चेहरा काळामिट्ट! मी भीतभीत म्हटलं, मुंडासं जरा काढता का?

"उघड्या डोक्यानं सुतकात बसतेत जी," आई म्हणाली. "सोयरिकीच्या फोटूत नाई."

मग फ्लॅशच. भर उन्हात फ्लॅश सावलीपुरता लावायचा असतो. जास्त झाला तर माणूस पीठ फासल्यासारखा दिसतो. म्हणून मी भिंगाचं तोंड बारीक केलं, पावलांनी अंतर मोजलं आणि उजेड मऊ पडावा म्हणून फ्लॅशच्या वाटीवर कुसुमचाच रुमाल बांधला. तोवर सगळं घर ढिगापुढे येऊन उभं राहिलेलं.

"काऊन जी पावने," रामकिसनचे वडील मिश्कीलपणे म्हणाले, "आमच्या गावचं ऊन कमी पडून राह्यलं का?"

एक, दोन, तीन म्हटलं नि खटका दाबला. लख्ख! रामकिसनने डोळे गच्च मिटले, आणि लगेच सगळ्या घराने हात जोडून माना खाली घातल्या. मला काही कळेना. घाईत बल्ब काढायला गेलो तर बोटं भाजली. बोटं झटकत नाचलो, तर तो नाचही सगळे कौतुकाने बघत राहिले. दुसऱ्या वेळी तर कहरच झाला. दिवा लागणार हे आता ठाऊक होतं, त्यामुळे मी "तीन" म्हणायच्या आतच सगळे वाकले. कॅमेऱ्यासमोर नुसती मुंडाशी नि पदर!

मी काकुळतीला आलो. हात जोडू नका, म्हणून विनवलं. आई मला समजावू लागली, "दिवा लागला का हात जोडाव जी. दिवसा लागला म्हणून काय झालं?"

बल्ब एकच उरला होता. मी रामकिसनजवळ गेलो नि हळूच सांगितलं, "फोटो बाबांसाठी नाही. कुसुमने मागितलाय. होय की नाही, ते ती हाच बघून सांगणार."

त्याने मुंडासं तेवढं नीट केलं.

मी खटका दाबला, आणि त्या क्षणी, काय सांगू, माझेच डोळे मिटले! उघडले तेव्हा सगळे वाकलेलेच होते. दिवा लागला तेव्हा रामकिसनने काय केलं, देव जाणे. परतीच्या वाटेवर मला कधी हसू येई, कधी कुसुमला काय सांगावं ते सुचेना. नदी कधी ओलांडली तेही कळलं नाही.

घरी आल्याआल्या फोटो धुवायच्या काळोख्या खोलीत शिरलो. कागद औषधाच्या पाण्यात टाकला, तशी आधी वाकलेली मुंडाशी उमटली, मग पदर, जोडलेले हात, मागचा कापूस. आणि मधोमध रामकिसन! हात जोडलेले, पण मान ताठ, मुंडाशाखालचा चेहरा स्वच्छ उजळलेला, ओठांत हसू दाबलेलं. मी तिथेच उडी मारली.

ओला फोटो कुसुमच्या हातात दिला. ती कितीतरी वेळ बघत राहिली. आत्या मागून डोकावली. "अगंबाई, सगळे पाया पडताहेत, आणि हा एकटाच काय बघत बसलाय?"

"माझ्याकडे," कुसुम म्हणाली.

आत्याने फोटो पुन्हा एकदा न्याहाळला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तामसीला सकाळची बस आहे का रे?"