चित्र छापील आहे

जुन्या वस्तूंच्या त्या दुकानदाराला सगळे भिंगवाले म्हणत. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग तो जेवतानाही काढत नसे. बायको म्हणायची, "भातात खडा लागला तर त्याचाही भाव सांगाल!" पण माणूस सचोटीचा असा त्याचा लौकिक होता, आणि स्वतःचा हा लौकिक त्याला जरा जास्तच आवडायचा. त्याचा एक नेम होता. फ्रेम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उघडायची, चित्र दोन्ही बाजूंनी दाखवायचं, मगच किंमत बोलायची. तीस वर्षांत हा नेम त्याने एकदाच मोडला.

त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या. चादरीत गुंडाळलेलं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं. जलरंगातलं तळं, पलीकडे टेकड्या, वर ओलसर आकाश.

"डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, भाऊ. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही. बाबा सांगायचे, एक चित्रकार आमच्याकडे भाड्याने राहायचा. तापाने फणफणला तेव्हा महिनाभर बाबांनीच त्याचं सगळं केलं. म्हणून बरा झाल्यावर त्याने हे स्वतः काढून दिलं. आईला कधीच पटलं नाही. म्हणायची, बाजारातून उचलून आणलंय आणि वर थापा मारताय. आता तुम्हीच काय ते सांगा."

भिंगवाल्याने काच पुसून भिंग लावलं. रंगाखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या, आकाशात कुंचल्याचा एक केस चिकटला होता. छपाईत असलं काही नसतं. "इथे उजेड कमी आहे," असं म्हणून तो फ्रेम घेऊन आतल्या खोलीत गेला. उजेड बाहेरच जास्त होता.

खिळे काढल्यावर पुठ्ठ्याच्या चौकटीखाली झाकलेली सही दिसली. ती ओळखताच त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'तापात ज्यांनी मला मुलासारखं सांभाळलं, त्यांना.' तेवढं वाचून तरी त्याने बाहेर येऊन खरं सांगायला हवं होतं. त्याने पुठ्ठा लावला आणि खिळे पुन्हा ठोकले.

"चित्र छापील आहे, ताई. फ्रेमचं लाकूड मात्र चांगलं आहे. तिचे पैसे देतो."

ताई घासाघीस करतील असं त्याला वाटलं होतं. त्या नुसत्याच स्टुलावर बसल्या.

"म्हणजे आईचंच खरं होतं," त्या म्हणाल्या. "बाबांची बाजू घेऊन मी जन्मभर तिच्याशी भांडले हो. शेवटी तर बोलणंच टाकलं होतं."

त्यांनी पैसे न मोजताच पिशवीत टाकले.

चित्र पंधरा दिवसांत चाळीस पट किमतीला गेलं. मागच्या ओळीने भाव आणखी चढला. पण भिंगवाल्याला घास गोड लागेना. पैशांचं काही नव्हतं, ते परत करता आले असते. एका मेलेल्या माणसाला त्याने खोटारडा ठरवलं होतं. आरशात बघायचीही त्याला लाज वाटू लागली.

शेवटी चित्राचे सगळे पैसे पाकिटात घालून तो ताईंच्या घरी निघाला. वाटभर एकच वाक्य घोकत होता, 'ताई, तुमचे बाबा खरं बोलत होते.' दार उघडलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "फ्रेमला फार चांगला भाव आला, ताई. हे तुमच्या हक्काचे." साप मरावा आणि काठीही मोडू नये, दुसरं काय!

"अहो, असं कोण आणून देतं!" ताईंनी शेजारणीला हाक मारली. "बघा, माणूस असावा तर असा!" लाजेने त्याचे कान तापले. शेजारणीला वाटलं, किती हा विनय.

भिंतीवर ताईंच्या आईचा फोटो होता. शेजारी नुसताच खिळा होता. तो तिकडे बघतोय हे ताईंच्या लक्षात आलं.

"बाबांचा परवा उतरवून ठेवला," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखं एकदा तरी खरं बोलले असते, तर राहू दिला असता."

भिंगवाल्याने पाण्याचा पेला रिकामा केला, "येतो" म्हणाला आणि जिना उतरला.