छपरासाठी एक मूठ

पितळी डब्यात तांदूळ पडल्याचा तो कोरडा, सरसरता आवाज... आजही भात टाकायला घेतला की कान आधी तोच शोधतात. गोंदियातल्या आमच्या लहानशा चर्चच्या आवारात, राखणदाराच्या दोन खोल्यांत माझं बालपण गेलं. आणि त्या घरात चूल पेटण्याआधी माय रोज एक मूठ तांदूळ त्या डब्यात टाकायची – चीनमधल्या एका चर्चच्या छपरासाठी!

हसू नका. त्या चर्चचा इतिहास आम्हाला तोंडपाठ होता. मिशनच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या गोऱ्या बाईंचा जन्मच तिकडचा, नदीकाठच्या एका शहरातला. त्यांच्या वडिलांनी तिथे बांबूच्या मांडवात उपासना सुरू केली, मग माणसांनी होड्यांतून विटा आणून भिंती उभारल्या, बायकांनी घंटेसाठी घरची तांब्या-पितळेची भांडी दिली... बाई इकडे आल्यावर तिकडून एक पत्र आलं – वादळात छप्पर उडालं – आणि पुढे काहीच नाही. मायदेशी परतताना त्यांनी त्या चर्चचा फोटो बाबांच्या हाती दिला, छपरासाठी प्रार्थना करत जा म्हणाल्या. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की विचारू नका! दर रविवारी, भातगिरण्यांच्या कोंड्याचा उबट वास खिडकीतून आत येत असताना, आमची सगळी मंडळी त्या छपरासाठी डोळे मिटायची. तांदूळ चीनला धाडायचे कसे, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून कापणीच्या सणाला डब्यातल्या तांदळाचा भात शिजे आणि येईल त्याला वाढला जाई.

माय गेली, डबा आणि ती रोजची मूठ माझ्याकडे आली. बाबांची नजर अधू झाली, तरी फोटोवर बोट फिरवत ते विचारायचे, "झाला असन का वं छप्पर?"

मी कामाच्या घाईत म्हणायची, झालं असेल हो बाबा. त्या 'असेल'ची आज मला लाज वाटते. गेल्या पावसाळ्यात बाबा गेले.

या हिवाळ्यात, मी नोकरी करते त्या राइस मिलमध्ये, काळे दाणे वेचून काढणारं यंत्र बसवायला चीनचा एक मेकॅनिक आला. मी बाबांचा तो फोटो नेऊन त्याला दाखवला. त्याखालची चिनी अक्षरं आम्हाला जन्मभर वेलबुट्टी वाटलेली! त्यानं ती सहज वाचली, मोबाईलमध्ये बरंच शोधलं, आणि त्याचं बोलणं मोबाईल हिंदीत सांगत गेला – छप्पर वादळाच्या पुढच्याच वर्षी झालं. नंतर उपासना बंद पडली, कित्येक वर्षं तिथे धान्याचं कोठार होतं. आता पुन्हा उपासना होते.

मी विचारलं, "कौन सा अनाज?"

"चावल," मोबाईल म्हणाला.

मला रडू आवरेना. तो बिचारा गोंधळून पाण्याची बाटली पुढे करत राहिला. संध्याकाळी कबरस्तानात गेले, बाबांच्या मातीपाशी बसले आणि मोठ्यानं सांगितलं, "बाबा, छप्पर झाला."

घरी येऊन तांदूळ घेतले, मूठ भरली, आणि हात डब्यावर तसाच थांबला. छप्पर तर केव्हाच झालंय... तरी टाकले, त्या आवाजासाठी.